नवीन ऑफिस लावून राहिलो, ऑटिझम-एडीएचडीवाल्या टीममेट्ससाठी काय काय पाहायचं?

कूलरवाली

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांब झाली, सांभाळून घ्या.

मी इथं नागपुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ऑफिस पाहते, एचआर पाहते, आणि नळ गळला का प्लंबरलाही मीच फोन लावते. आम्ही पस्तीसेक जण. आजपर्यंत त्रिमूर्ती नगरकडे एका जुन्या बंगल्यात होतो, दोन-तीन खोल्या, मागचा व्हरांडा, जो तो आपापल्या कोपऱ्यात. आता आयटी पार्कच्या बाजूला एक अख्खा फ्लोअर भाड्यानं घेतला आहे आणि सरांच्या डोक्यात बसलं आहे का भिंत एकही नको, एकच मोठा हॉल, लांब लांब टेबलं, काचेची कॉन्फरन्स रूम, बीन बॅग, आणि स्पीकरवर दिवसभर गाणी. बंगलोरला कुठंतरी पाहून आले तेव्हापासून हेच सुरू आहे.

अडचण अशी का टीममधला एक मुलगा ऑटिस्टिक आहे (मेंदूची घडण वेगळी, आवाज-उजेड आणि लोकांशी बोलणं वेगळं जाणवते) आणि एका मुलीला एडीएचडी आहे (लक्ष एका जागी टिकवणं कठीण जाते). दोघांनीही मला विश्वासानं सांगितलं आहे, सरांना फक्त एवढंच माहीत का "काहींना आवाजाचा त्रास होते". तो मुलगा बंगल्यात मागच्या खोलीत बसते, काम एकदम व्यवस्थित. मधे काही दिवस एका क्लायंटच्या ओपन हॉलमधे बसवलं तं दुपारनंतर डोकं धरून बसायचा, शेवटी सुट्ट्याच टाकल्या. नवीन जागेचा नकाशा पाहिला तेव्हापासून गप्प आहे.

सरांशी बोलले, नावं न घेता. ते म्हणाले ठीक आहे ना, सर्व्हर रूमच्या बाजूला जी स्टोअर आहे ती "शांत कक्ष" करून टाकू, बाहेर पाटी लावू, चावी तुझ्याकडे ठेव. मनानं चांगले आहेत ते, पण मला काही पटून नाही राहिलं आणि का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही.

कोणी असं ऑफिस लावलं आहे का? किंवा तुम्ही स्वतः ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सियावाले (वाचणं-लिहिणं अवघड जाणारे) असाल तं खरंच कशानं फरक पडते ते सांगा. बजेट लहान आहे, ते लाखा-लाखाचे साउंडप्रूफ पॉड जमणार नाहीत. काम पुढच्या महिन्यात सुरू होते.

बग_पकड्या

मी ऑटिस्टिक आहे, टेस्टिंगमधे आहे, निदान नोकरी लागल्यावर झालं.

ताई, तुम्हाला जे पटत नाही ते म्हणजे चावी. आवाज-उजेडानं डोकं भरून आलं का त्या वेळेला मला नीट बोलताच येत नाही, आणि नेमकं त्याच वेळेला मी उठायचं, अख्खा हॉल ओलांडून तुमच्या टेबलापाशी यायचं, चावी मागायची, मग पाटी लावलेल्या खोलीत जायचं आणि बाकीचे मान वळवून पाहणार का गेला बघ हा. मी नाही जाणार. बाथरूममधे जाऊन बसेन, आतापर्यंत तेच करत आलो. दुसरं म्हणजे सर्व्हर रूमच्या बाजूला म्हणजे पंख्यांची घरघर भिंतीतून दिवसभर, मग शांत कसली.

खोली नक्की करा, पण कुलूप नको, पाटी नको आणि कोणासाठी आहे हेही नको. कोणाचं डोकं दुखून राहिलं, कोणाचा उपास आहे, कोणाला रात्री बाळानं झोपू दिलं नाही, जो तो जाऊन दहा मिनिटं बसेल. जेवढे जास्त लोक वापरतील तेवढं मला तिथं जाणं सोपं. आत बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, एवढाच नियम. उजेड कमी करता आला पाहिजे. बीन बॅग तिथंच टाका एखादी, सरही खुश.

आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श हे नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी जाणवणं २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ (मानसिक निदानांचं अमेरिकन पुस्तक) पासून ऑटिझमच्या निकषांमधेच लिहिलेलं आहे. "जास्त किंवा कमी" हे लक्षात ठेवा. मला ट्यूबलाइट सहन होत नाही, माझ्या ओळखीतल्या दुसऱ्या एका ऑटिस्टिक मुलाला भरपूर उजेड लागते. म्हणून त्या मुलाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, माझ्या पोस्टवरून तर अजिबातच नाही.

हेडफोनबद्दल. सगळे मॅनेजर म्हणतात का नॉइज कॅन्सलिंग हेडफोन देऊन टाकू, झालं. तो हेडफोन एसीची, कूलरची, म्हणजे एकसारखी चालणारी खालच्या पट्टीतली घरघर चांगली कापते. माणसांचं बोलणं तेवढं कापत नाही. उलट घरघर गेली का बाजूच्या टेबलावर कोणाचं लग्न कुठं जमून राहिलं ते अजून स्पष्ट ऐकू येते. द्या हेडफोन, पण त्याच्या भरवशावर हॉल उघडा टाकू नका.

बसायची जागा: पाठीमागे भिंत, मागून कोणी येऊन खांद्यावर हात ठेवू शकणार नाही अशी, येण्या-जाण्याच्या वाटेवर नाही, पँट्रीपासून लांब (सावजीचा डबा मायक्रोवेव्हमधे फिरला का माझा तासभर गेला, आणि मला सावजी आवडते, हे विशेष). आणि रोज तीच खुर्ची. जो आधी येईल तो कुठंही बसेल हा प्रकार सुरू करू नका.

आता जे कोणी विचारत नाही ते सांगतो. मला भिंतींपेक्षा जास्त त्रास मेसेजचा झाला आहे. "जरा केबिनमधे येऊन जा." कशासाठी? पाच मिनिटांनी का आत्ता? रागावले का? तेवढ्या वेळात मी दहा शक्यता मोजून होतो आणि सर म्हणतात का तुझा पॅन नंबर दे. "उद्याच्या रिलीजच्या लिस्टबद्दल विचारायचं आहे, चार वाजता ये" एवढं टाइप करायला काय लागते? तसंच "जमलं तर आज पाहून घे". जमलं तर म्हणजे नाही जमलं तरी चालते का? मी तो अर्थ घेतला, दुसऱ्या दिवशी ऐकून घेतलं. आणि सरप्राइज बर्थडे. मागून येऊन तोंडाला केक, वरून तो फेसाचा स्प्रे. कृपा करून बंद करा, किंवा आधी विचारा तरी.

विटा_सिमेंट

ताई, मी इंटिरियरची कामं घेतो, सीताबर्डी-धरमपेठकडं बरीच ऑफिसं केली. मले ते ऑटिझम-बिटिझम काही समजत नाही पण आवाज आन् उजेड समजते, तेवढं सांगतो.

तुमच्या सरांचा नकाशा म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला काच, वर सपाट पीओपी. तिन्ही कडक. आवाज कुठं मुरतच नाही, टप्पे खात फिरते. पस्तीस माणसं बोलली का मंगलकार्यालय होऊन जाईन. पैसा कमी असन तं सगळ्यात पहिले छताले लावा. पीओपी कॅन्सल करा आन् मिनरल फायबरच्या दोन बाय दोनच्या टाइल टाका ग्रिडमधी, त्या आवाज पितात. खाली जमलं तं कार्पेट टाइल, नाही तं निदान जिथं माणसं चालतात तेवढ्या पट्ट्यात. खिडकीले जाड कापडाचा पडदा.

शांत खोलीची पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका. ही चूक नव्वद टक्के ऑफिसात दिसते राव, दरवाजा जाडजूड लावतात आन् वरून पोकळीतून सगळा आवाज इकडचा तिकडं. भिंत थेट स्लॅबले टेकली पाहिजे, मधी रॉकवूल (आवाज पिणारी लोकर) भरा, दाराखालची फट रबरानं बंद करा. आन् अंड्याचे ट्रे चिटकवू नका भिंतीले, यूट्यूब पाहून लोकं करतात, त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही. तो स्वस्त काळा फोम पण नको, आग लागली तं धूर मारते.

उजेड. जुन्या चोकवाल्या ट्यूबा आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनीवर सेकंदाले १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याले दिसत नाही पण डोक्याले लागते काही जणांच्या. आमच्या आर्किटेक्ट मॅडम सांगतात का १९८९ मधीच इंग्लंडात ऑफिसात तपासून पाह्यलं होतं, साधा चोक काढून हाय फ्रिक्वेन्सीवाला लावला तं डोकेदुखी आन् डोळ्याच्या तक्रारी अर्ध्याहून कमी झाल्या. तुम्हाले वाटन आता एलईडी आहे, टेन्शन नाही. स्वस्त ड्रायव्हरचा (आतलं करंट देणारं सर्किट) एलईडी पण तसाच लुकलुकते. दुकानातच लाइट लावून मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, पट्टे सरकताना किंवा लपलप दिसली तं तो माल घेऊ नका. ६५०० केल्विनचा पांढराफट्ट नको, ४००० चा घ्या, वर डिफ्यूझर पाहिजेच. आन् स्विच ओळीओळीनं वेगळे करा. एका बटणात अख्खा हॉल पेटवला का मंग कोणाले कमी-जास्त करता येत नाही. वायरिंगच्या वेळेसच सांगा, नंतर खर्च डबल.

तुमची काच पश्चिमेले असन तं मे महिन्यात पाहा मजा. बाहेर पंचेचाळीसच्या वर, चार वाजता स्क्रीन दिसत नाही आन् एसी जीव तोडून वाजते. बाहेरून फिल्म, आतून रोलर ब्लाइंड.

मॅडमनं मले एक ब्रिटिश स्टँडर्डवाल्यांचा २०२२ चा कागद पण दाखवला होता, पीएएस ६४६३, याच विषयावर आहे, म्हणजे इमारत डोक्याले त्रास न देणारी कशी करायची. त्यात ठळक पट्ट्या-चौकड्यांचं फ्लोरिंग टाळा असं आहे, काही जणांले ते पायरीसारखं किंवा खड्ड्यासारखं भासते. मले तं ते वाचल्यावर आमच्या एका जुन्या क्लायंटची काळी-पांढरी लॉबी आठवली.

इतवारीवाला

वाचून राहिलो सगळं. राग नका मानू पण हे जरा जास्तच होऊन राहिलं. आमच्या वेळेला कुठं होतं हे सगळं? गोळीबार चौकात दुकान, बाहेर हमाल, ठेले, भोंगे, तरी कामं झालीच ना. आजकाल ज्याला त्याला काही ना काही लेबल पाहिजे. उद्या म्हणाल ग्राहकही हळू बोलला पाहिजे.

आमच्याकडे एक मुनीमजी होते. हिशेब असा का पैशाचा फरक नाही. पण कोणी मधे बोललं का त्यांची बेरीज चुकायची आणि मग ते चिडायचे, वही फेकायचे. तं बाबांनी काय केलं, त्यांची गादी माडीवर टाकून दिली, सांगून टाकलं का बारापर्यंत वर कोणी जायचं नाही, काही काम असलं तं चिठ्ठी लिहून जिन्यातल्या डब्यात टाका. रिटायर होईपर्यंत तिथंच बसले. कोणतं सर्टिफिकेट होतं का त्यांच्यापाशी?

अर्धवट_टॅब्ज

काका, तुमच्या बाबांनी जे केलं तेच ही ताई विचारतेय की! जागा बदलली, वेळ ठरवून दिली, तोंडी सांगायचं ते लेखी केलं, आणि सर्टिफिकेट मागितलं नाही. मला असे मालक मिळाले असते तर दोन नोकऱ्या वाचल्या असत्या.

मी मूळची पुण्याची, लग्नानंतर नागपूर, अकाउंट्समधे आहे आणि एडीएचडी आहे. बग_पकड्या यांचं सगळं बरोबर आहे पण माझं बऱ्याच बाबतीत उलटं आहे म्हणून लिहितेय. मला पूर्ण शांत खोलीत एकटीला बसवलं तर मी तिथे भिंतीवरचा डाग बघत तास घालवीन. मला शेजारी कोणीतरी आपापलं काम करत बसलेलं लागतं, बोलायचं नाही, नुसतं असायचं, त्यानेच माझं काम पुढे सरकतं. पण माझ्या डोळ्यांसमोरून सतत माणसं जात-येत असली की संपलं, प्रत्येकाकडे मान वर होतेच. म्हणजे आवाज थोडा चालतो, हालचाल नाही चालत. एक खांद्याएवढी कापडी पार्टिशन, खुर्ची दाराकडे तोंड करून नाही, बस. त्यामुळे ताई, एकच शांत खोली करून दोघांचा प्रश्न सुटेल असं धरू नका, कदाचित त्या मुलीला तुमच्या सरांची गाणीसुद्धा हवी असतील! हॉलचा एक टोकाचा भाग बोलण्याचा, फोनचा, चहाचा ठेवा आणि दुसरं टोक शांत, मधे कपाटं नाहीतर झाडं, आणि लोकांना कामाप्रमाणे इकडून तिकडे जाऊ द्या. ज्याला कायमची खुर्ची हवी त्याला ती, बाकीचे फिरतील.

तोंडी सूचना. माझ्या टेबलापाशी येऊन, उभ्या उभ्या, "ते जीएसटीचं बघ, आणि हो, त्या पार्टीला फोन कर, आणि मागच्या महिन्याचं पण एकदा", असं म्हणून माणूस गेला की माझ्याकडे त्यातलं एकच शिल्लक राहतं आणि ते नेमकं कमी महत्त्वाचं. दोन ओळी लिहून पाठवा. मोठ्या कामाची शेवटची तारीख एकच देऊ नका, मधले टप्पे द्या आणि त्या टप्प्याला खरंच विचारा. "अजून वेळ आहे" हे वाक्य माझ्यासाठी विष आहे, मार्चएंडला माझं काय होतं ते विचारू नका.

औषधाचं पण सांगून ठेवते कारण एचआरला हे माहीत नसतं. एडीएचडीचं मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समधे (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) येतं, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि सगळी मेडिकल दुकानं ते ठेवत नाहीत. म्हणजे दर काही दिवसांनी डॉक्टर आणि मग ठरावीक दुकान असा फेरा असतो, तोही कामाच्या वेळात. त्यासाठी दोन तासांची सवलत मागताना "कशासाठी" हे दरवेळी चारचौघांत सांगावं लागू नये एवढं बघा.

वेळेचंही. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, त्या दिवसांत मला साडेनऊ म्हणजे साडेनऊ गाठायला जे डोकं लागतं ते गाठल्यावर कामाला उरतच नाही. अकराच्या आत या आणि आपले तास भरा, असं सगळ्यांसाठी करून टाका ना.

बुटीबोरी_शिफ्ट

आयटी सोडून पण जग आहे भाऊ. मी प्लांटमधे सुपरवायझर आहे, डिस्लेक्सिया आहे. शाळेत नुसता मठ्ठ म्हणून मार खाल्ला. आमच्याकडे एसओपी (काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना) म्हणजे चार पानं, बारीक अक्षर, लायनीला लायन चिटकून, त्यात जोडाक्षरं. मी वाचतो पण वेळ लागते, आणि कोणी समोर उभं राहून "वाच ना लवकर" म्हटलं का अक्षरं जागेवर राहत नाहीत.

नवीन मॅनेजर आले त्यांनी मशीनवर फोटोवाला चार्ट लावला, एका फोटोखाली एकच वाक्य, अक्षर मोठं, ओळींत जागा, कागद पांढराशुभ्र नाही, हलका पिवळट. ब्रिटनच्या डिस्लेक्सिया असोसिएशनचंही असंच काही सांगणं आहे, १२-१४ चा फॉन्ट, ओळींत दीडपट अंतर, साधं अक्षर. फायदा असा झाला का नवीन पोरं पण तेच पाहून शिकून राहिले, बिहार-ओडिशाचे आहेत, त्यांना मराठी कुठं येते. आणि शिफ्ट हँडओव्हर मी आता व्हॉइस नोटवर देतो, वर मशीन नंबर आणि रीडिंग तेवढे टाइप करतो, दुसऱ्याकडून तपासून घेतो, कारण ६९ आणि ९६ मधे माझा गोंधळ होते. यात कंपनीचा किती पैसा गेला? लॅमिनेशनचा.

ताई, ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर-पॉलिसी काही आलं का त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ करा, मोठी पीडीएफ फेकू नका. फोनला मराठी वाचून दाखवता येते आता, पण स्कॅन केलेला फोटो असला का ते दरवेळी नीट वाचत नाही, म्हणून फाइल टाइप केलेलीच पाठवा.

गप्प_बसलेली

एकच सांगते. मी एका कंपनीत सांगितलं होतं का मी ऑटिस्टिक आहे. कोणी वाईट बोललं नाही. फक्त पुढच्या क्लायंट मीटिंगच्या यादीत माझं नाव नव्हतं, "तुला त्रास नको म्हणून". मग प्रमोशनच्या वेळी ऐकलं का तुला क्लायंटसमोरचा अनुभव कमी आहे. आता जिथं आहे तिथं कोणालाच माहीत नाही. त्या दोघांनी तुम्हाला सांगितलं आहे, ते तुमच्यापाशीच राहू द्या, सरांनी कितीही प्रेमानं विचारलं तरी.

कलम_एकवीस

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी एचआरमधे आहे, कायद्याचं तेवढं लिहितो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ पासून. त्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्र नाही. म्हणजे फक्त सर्टिफिकेट पाहून सवलत द्यायची असं ठरवलं तर तुमची ती मुलगी पहिल्याच दिवशी बाहेर, आणि ज्यांचं निदानच झालं नाही ते तर धराच. मोठेपणी निदान करून घेणं म्हणजे काय असते ते ज्यांनी केलं त्यांना विचारा, आपल्याकडे मेडिकल, मेयो ही मोठी सरकारी हॉस्पिटलं आहेत, मिहानमधे एम्स आहे, तरी मोठ्या माणसाला ऑटिझम असू शकतो हेच पटवायला वेळ जाते.

कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण करायचं आहे, खाजगी कंपनीसुद्धा यात येते. तुमच्याकडे २० पेक्षा जास्त लोक आहेत, त्यामुळे नुसत्या सुविधा लिहून भागणार नाही, कोणत्या जागांवर घेऊ, निवड कशी करू हे लिहायचं आणि एक लायझन ऑफिसर (दिव्यांगांची भरती आणि सुविधा पाहणारा) नेमायचा, आणि धोरण राज्य दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचं. बहुतेक लहान कंपन्यांना हे माहीतच नसते. सरांसमोर हे ठेवा, धमकी म्हणून नाही, पण "शांत खोली का पाहिजे" याला कागदाचा आधार मिळते. निवडीत पण एक करा, इंटरव्ह्यूचे प्रश्न आदल्या दिवशी द्या आणि गप्पांऐवजी छोटं खरं काम करून घ्या. नजरेला नजर देत नाही म्हणून किती चांगली माणसं आपण घरी पाठवतो.

आणि सरांना ओपन हॉलमधे "कोलॅबरेशन" पाहिजे असेल ना, तर हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास दाखवा. दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं भिंती काढून उघडी केली, लोकांच्या अंगावर सेन्सर लावून मोजलं, समोरासमोर बोलणं वाढायच्या ऐवजी साधारण ७० टक्के कमी झालं आणि ईमेल-चॅट वाढलं. सगळे एकमेकांना दिसायला लागले तसे लोक उलट एकमेकांपासून अंतर ठेवायला लागले. हा मुद्दा मालकांना लवकर कळते, कारण त्यात कोणाच्या त्रासाचा प्रश्नच नाही, भाड्याचा आहे.

इतवारीवाला

मुनीमजींचं मी वेगळ्या अर्थानं सांगितलं होतं पण ठीक आहे, घेतलं ऐकून. एक प्रश्न मात्र राहते. कोणाला शांत पाहिजे, कोणाला शेजारी माणूस पाहिजे, कोणाला उजेड, कोणाला अंधार, मालकानं काय पस्तीस ऑफिसं करायची?

बग_पकड्या

नाही काका. म्हणूनच तर स्विच वेगळे करा, पडदा लावा, दोन प्रकारच्या जागा ठेवा असं सगळे सांगून राहिले. माणसाला स्वतःचं स्वतः थोडं बदलता आलं पाहिजे आणि त्यासाठी अर्ज करावा लागू नये. बाकी खर्च तर "चार वाजता, या विषयावर" असं लिहायचा आहे, तो शून्य.

कूलरवाली

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना.

कालच सरांसमोर बसले. अभ्यासाचं सांगितलं, ७० टक्के ऐकून दोन मिनिटं शांत बसले, मग म्हणाले बंगलोरवाल्यानं हे नाही सांगितलं मला. पीओपी कॅन्सल, मिनरल फायबर पक्कं. विटा_सिमेंट भाऊ, तुमचं स्लो मोशनचं मी आमच्या सध्याच्या ऑफिसातच करून पाहिलं, निम्म्या लाइटमधे पट्टे. शांत खोली सर्व्हरच्या बाजूची नाही, आता मागच्या कोपऱ्यातली घेतो आहे, कुलूप नाही, पाटी नाही. सरांचं म्हणणं होतं निदान एखादं छान नाव देऊ, मी म्हटलं "मागची खोली" म्हणू, बंगल्यातही तेच म्हणत होतो.

त्या दोघांना वेगवेगळं बसवून नकाशा दाखवला आणि पेन दिला. मुलानं एक खुर्ची निवडली, अगदी खांबाच्या मागची, जी मी वाया गेलेली जागा म्हणून झाडासाठी ठेवली होती. मुलगी म्हणाली मला गाणी चालतील पण शब्द नसलेली, आणि प्रिंटरजवळ नको. सरांच्या स्पीकरचं मिटलं असं म्हणणार नाही, सध्या पँट्रीपुरतं ठरलं आहे, पुढं पाहू. वेळेच्या सवलतीला मात्र नाही म्हणाले, क्लायंटचा कॉल दहाला असते म्हणून. त्यावर परत बसणार आहे. "जरा येऊन जा" बंद करण्याबद्दल सर म्हणाले, मी असं लिहितो का? त्यांना त्यांचेच मेसेज काढून दाखवले.

आता एकच राहिलं. हजेरीचं बोटाचं मशीन. दारापाशीच लागते, आणि प्रत्येक बोटाला मोठ्यानं "थँक यू", नाही लागलं तर "प्लीज ट्राय अगेन". खांबामागची ती खुर्ची दारापासून फार लांब नाही. याचं काय करू?

बग_पकड्या

ते "प्लीज ट्राय अगेन" मला झोपेतही ऐकू येते. उन्हाळ्यात घामानं बोट लागत नाही तेव्हा तर सकाळी अर्धा तास तेच सुरू असते.

विटा_सिमेंट

लिफ्टच्या लॉबीत लावा ना ताई, दाराच्या बाहेर. आन् आवाज मेनूत जाऊन बंद होते बहुतेक मशीनमधी, व्हॉइस का व्हॉल्यूम असं काहीतरी असते, शून्य करून टाका. अॅडमिनचा पासवर्ड लावून देणाऱ्याकडूनच मागून ठेवा, नंतर तो फोन उचलत नाही.